डिफॉल्ट कुणाच्या बापाचं?

"नव्या एडिटरचे मूळ शॉर्टकट शिकून घे, बदलत बसू नकोस." आयटीत हा उपदेश इतक्या गंभीर चेहऱ्याने केला जातो, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणा ऋषीने हिमालयात बसून कंट्रोल आणि शिफ्टची मांडणी केली असावी. उपदेश करणारा बहुधा हिंजवडीत बसलेला असतो. त्याच्या हुद्द्यात 'लीड' हा शब्द असतो. आणि त्याच्या स्वतःच्या मशीनवर, लॅपटॉप कितीही बदलले तरी, जुनी सेटिंगची फाइल इमानेइतबारे सोबत आलेली असते. उपदेश फक्त नव्या पोरांसाठी, त्यातही परभणी-हिंगोलीकडून आलेल्या.

मी परभणीत, वसमत रोडला एका खोलीत बसून बाहेरच्या कंपन्यांची कामं करतो. माझी बोटं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी तीसच्या परीक्षेसाठी तयार झाली, डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवताना सरावली आणि नंतर कोड लिहिताना त्यांना आणखी वेगळं वळण लागलं. या तिन्ही ठिकाणी मला कुणी ना कुणी सांगितलंच, की आधीचं विसर. मी विसरलो नाही. विसरणारही नाही.

आधी या डिफॉल्टची वंशावळ काढू. व्हीआय नावाचा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा. का? तर ते ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत होते, त्याच्या कळफलकावर बाण याच चार कळांवर छापलेले होते. एस्केपची कळ तिथे आजच्या टॅबच्या जागी होती, म्हणून एस्केप सारखी दाबायला सोपी. ते टर्मिनल भंगारात गेलं, एस्केप कोपऱ्यात गेली; पण १९९१ साली आलेल्या विममध्ये तीच मांडणी कायम राहिली आणि आज ती 'शुद्ध' म्हणून मिरवते. अनडू-कट-कॉपी-पेस्टच्या झेड, एक्स, सी, व्ही या कळा ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावरून आल्या. चारही कळा शेजारी शेजारी आणि हाताशी, एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान. चांगलं आहे, सोयीचं आहे. पण ती कुणाची तरी सोय होती. वेद नव्हे.

आता एकच कळ घ्या, कंट्रोल+वाय. १९७८ सालच्या वर्डस्टारमध्ये ती दाबली की अख्खी ओळ पुसली जाई. बोरलँडने आपल्या टर्बो सी मध्ये वर्डस्टारच्याच कळा उचलल्या, म्हणून तिथेही ओळ पुसायची. ईमॅक्समध्ये तीच कळ दाबली की मजकूर पेस्ट होतो. विममध्ये पान एक ओळ सरकतं. विंडोजच्या बहुतेक प्रोग्राममध्ये रद्द केलेली गोष्ट परत येते. आणि जावावाल्यांच्या लाडक्या इंटेलिजेमध्ये, विंडोजच्या मूळ मांडणीत, पुन्हा ओळच पुसली जाते. म्हणजे एकाच कळेने कुठे गेलेलं परत येतं, कुठे असलेलं जातं. यातलं कोणतं 'मूळ' शिकायचं ते लीडसाहेबांनी सांगावं. आपल्या मराठवाड्यातल्या कॉलेजांनी टर्बो सी चा तो निळा पडदा, डॉसबॉक्समध्ये घालून, जग कुठल्या कुठे गेल्यावरही चालवला. कंट्रोल+एफ९ दाबून प्रोग्राम चालवायचा, एफ२ दाबून सेव्ह करायचा. ज्या पोराने तीन वर्षं प्रॅक्टिकलला हे केलं, त्याची बोटं पहिल्या नोकरीत कंट्रोल+वाय कुठे मारणार आणि त्यात काय जाणार, हे त्याला नोकरी देणाऱ्याला कळत नसेल असं नाही. कळतं. पण 'नीट बघून काम करत जा' म्हणणं स्वस्त पडतं.

परभणी, नांदेड, लातूर पट्ट्यात वेबसाइटची कामं करणाऱ्यांचं दुसरं मोठं घराणं नोटपॅड++ चं. फुकट, हलका, जुन्या मशीनवर धावणारा. तिथे कंट्रोल+डी म्हणजे आहे त्या ओळीची दुसरी प्रत. कंट्रोल+क्यू म्हणजे ओळ कमेंट करणं. हा माणूस व्हीएस कोडवर गेला की कंट्रोल+डी दाबल्यावर ओळीची प्रत होत नाही; शब्द निवडला जातो, पुन्हा दाबलं की तोच शब्द पुढे जिथे असेल तिथेही निवडला जातो, आणि पुढचं अक्षर टाइप केलं की दोन्ही ठिकाणी एकदम बदल. पडद्याबाहेर काय बिघडलं ते दिसतही नाही. कंट्रोल+क्यूची गंमत तर त्याहून न्यारी. लिनक्सवर व्हीएस कोडमध्ये ती दाबली की कमेंट बाजूलाच, एडिटरच बंद. ज्याने ही मांडणी ठरवली त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याच्या बोटांना ते बरोबर असेल. माझ्या बोटांना नाही, आणि मशीन माझं आहे.

"पण मूळ मांडणी शिकलास तर ती कायम कामाला येते," हा पुढचा युक्तिवाद. कायम म्हणजे किती? गिटहबचा ॲटम आठवतो? केवढा गाजावाजा झाला होता त्याचा. जून २०२२ मध्ये गिटहबने जाहीर केलं की बंद करतोय, आणि १५ डिसेंबर २०२२ ला कुलूप लावलं. ज्यांनी मनोभावे ॲटमच्या मूळ कळा घोटल्या होत्या, ते सगळे रस्त्यावर. त्यांना वाचवलं कुणी? व्हीएस कोडमधल्या 'ॲटम कीमॅप' नावाच्या एका जोडणीने. ती टाकली की नव्या घरात जुन्या कळा चालू. सब्लाइमसाठी तशीच जोडणी आहे, नोटपॅड++ साठी आहे, इंटेलिजेसाठी आहे, विमसाठी तर आहेच. ज्या मायक्रोसॉफ्टच्या मूळ मांडणीची पूजा चालली आहे, ती मायक्रोसॉफ्ट स्वतः दुसऱ्यांच्या मांडण्या फुकट वाटते, कारण तिला माहीत आहे की बोटं अडली तर गिऱ्हाईक फिरेल. देवालाच मूर्तीचं कौतुक नाही, पण पुजारी मात्र सोवळ्यात.

आणि मूळ मांडणीही जागची हलत नाही म्हणता? एआयचा जमाना आला, आणि व्हीएस कोडच्याच पोटातून निघालेल्या कर्सर नावाच्या एडिटरने कंट्रोल+के ही कळ एआयला ओळ बदलायला सांगण्यासाठी घेऊन टाकली. व्हीएस कोडमध्ये ही कळ कितीतरी जोड-शॉर्टकटची पहिली पायरी आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नव्या लॅपटॉपांवर कोपायलटची कळ येणार. ती कित्येक ठिकाणी उजव्या कंट्रोलची जागा खाऊन बसली. म्हणजे आता सॉफ्टवेअर तर सोडाच, प्लास्टिकची कळसुद्धा आपली राहिली नाही. डाव्या हाताची करंगळी दुखते म्हणून उजवा कंट्रोल वापरणाऱ्याला कुणी विचारलं? कंपनी वाट्टेल तेव्हा कळ उपटून आपली जाहिरात लावणार, आणि मी चार कळा हलवल्या की 'वेळ वाया घालवतोस'!

रेडिमेड पँट घेऊन माणूस टेलरकडे जातो, उंची कमी करून घेतो. त्याला कुणी प्रवचन देत नाही, की बाबा, कंपनीने ठेवलेली लांबी शिकून घे, पाय वाढव.

कळा बदलायला लागतं तरी काय? व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+के आणि लगेच कंट्रोल+एस दाबा. सगळ्या शॉर्टकटची यादी समोर येते. शोधायच्या पट्टीत कळा प्रत्यक्ष दाबून शोधायची सोय आहे, म्हणजे ही कळ सध्या कोणकोण बळकावून बसलंय ते लगेच दिसतं. त्याच्या मागे एक साधी मजकुराची फाइल असते. तीत तुम्ही तुमचे नियम लिहायचे. नियम खालून वर तपासले जातात, म्हणजे शेवटी लिहिलेला जिंकतो. मूळ आज्ञा काढून टाकायची तर तिच्या नावाआधी उणे चिन्ह. आणि प्रत्येक नियमाला 'केव्हा' ही अट जोडता येते, ही सगळ्यात मोलाची गोष्ट: एडिटरमध्ये कंट्रोल+सी म्हणजे कॉपी, पण टर्मिनलमध्ये तेच चालू प्रोग्राम थांबवण्यासाठी राखून ठेवता येतं. यात रॉकेट उडवण्याएवढं विज्ञान नाही. कामाच्या पहिल्या दिवशी कागदावर लिहा, की मी रोज खरोखर काय करतो: ओळ पुसणे, ओळ वर-खाली नेणे, कमेंट करणे, फाइल शोधणे, व्याख्येवर उडी मारणे. तेवढ्याच आपल्या बोटांकडे वळवून घ्या. बाकी शेकडो शॉर्टकट पडून राहू द्या. त्यांच्या वाटेला जायचं कारणच नाही.

हो, दुसऱ्या टोकाचे नमुनेही आहेत आणि त्यांना सोडायचं कारण नाही. तीन आठवडे कळा मांडण्यात घालवून, आपल्या सेटिंगच्या फाइली जगाला दाखवत फिरणारे, आणि काम विचारलं तर 'अजून सेटअप पूर्ण व्हायचाय' म्हणणारे. एकाने तर मला परवा अभिमानाने सांगितलं, की आता माझ्या मशीनवर दुसरं कुणी काम करूच शकत नाही. मी म्हटलं, "भाऊ, तू तरी करायलास का?" ज्याला अजून कुठलीच सवय नाही, त्याने मूळ मांडणी घ्यावी, सुखाने राहावं, त्याच्याकडे वाचवण्यासारखं काही नाही. मी बोलतोय ते सवय कमावलेल्यांबद्दल.

राहिला सर्व्हरचा मुद्दा. "दुसऱ्याच्या मशीनवर, सर्व्हरवर तुझ्या कळा नसतील तेव्हा काय करशील?" सर्व्हरवर मी दोन ओळी बदलायला जातो, कादंबरी लिहायला नाही. तेवढ्यापुरतं व्हीआय कुणालाही येतं. बाहेर कसं पडायचं हे कळलं की निम्मं शिक्षण झालं. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी रोजचा स्वयंपाक कुणी अळणी करत नाही.

मूळ मांडणी ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला कळफलक असतो, हेही कुणी बोलत नाही. आमच्याकडे एक म्हण भिंतींवर, रिक्षांवर, पुढाऱ्यांच्या भाषणांत सगळीकडे आहे: जगात जर्मनी, भारतात परभणी. का, कशावरून, ते विचारू नका. अभिमानाला कारण लागत नाही. पण या एका बाबतीत म्हण शंभर टक्के खरी आहे. जर्मन कळफलकावर महिरपी आणि चौकोनी कंस सरळ मिळतच नाहीत. सात, आठ, नऊ आणि शून्याच्या कळांवर ऑल्ट-जीआर दाबून काढावे लागतात. तिरकी रेघ शिफ्ट+७ वर. झेड आणि वाय यांची तर अदलाबदल. म्हणजे अमेरिकी माणसाने हाताशी ठेवलेला कंट्रोल+झेड तिथे बोटं ताणून दाबायचा. आणि विंडोजमध्ये कंट्रोल व ऑल्ट एकत्र दाबणं म्हणजेच ऑल्ट-जीआर, त्यामुळे त्या जोडीवर बेतलेले शॉर्टकट तिथे गोंधळ घालतात. आपल्या 'इंग्लिश इंडिया' मांडणीत कंट्रोल+ऑल्ट+४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. तीच जोडी एडिटरने दुसऱ्या कामाला दिली असेल तर रुपया गेला. म्युनिकचा प्रोग्रामर आणि परभणीचा प्रोग्रामर, दोघेही एकाच दुखण्याचे. फरक एवढाच, की म्युनिकवाला मुकाट्याने कळा बदलतो आणि त्याला कुणी मागासलेला म्हणत नाही.

तरीही, खरं सांगायचं तर, प्रोग्रामरची ही रडगाणी श्रीमंताची आहेत. आपल्याला जोडणी मिळते, फाइल मिळते, अट मिळते, न जमलं तर रडायला सहकारी मिळतात. याच शहरात कोर्टासमोर, तहसीलच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानात बसलेला माणूस बघा. त्याचीही बोटं आहेत. त्याच्याही कळा बदलल्या. त्याला काय मिळालं? परिपत्रक.

मराठी टायपिंग म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना सांगायला हवं. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, आणि २०११ मध्ये तो बंद झाल्याची बातमी जगभर छापून आली. मधल्या काळात महाराष्ट्राचं सगळं सरकार त्या यंत्रावर चाललं. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजी चाळीस, ही अट. त्या अटीपायी जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरीपासून पोरंपोरी परभणीला येऊन खोल्या करून राहिली. रेमिंग्टन घाटाच्या त्या कळफलकावर मराठी लिहिली जात नव्हती, ती जुळवली जायची. अर्ध्या अक्षराची कळ, मग काना, की झालं पूर्ण अक्षर. रफाराला स्वतंत्र कळ. काही कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. आणि ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. डोळा जे बघतो तेच बोट करतं. ही सवय एकदा हाडात गेली, की माणूस झोपेत 'किंमत' लिहिताना वेलांटीपासून सुरुवात करतो.

मग इनस्क्रिप्ट आला. १९८६ सालची मांडणी, पुढे आयएससीआयआय या भारतीय मानकाबरोबर पक्की झाली. तिची निंदा मी करणार नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'क' च्या कळेवर शिफ्ट दाबलं की 'ख', 'ग' वर शिफ्ट दाबलं की 'घ'. मराठीत शिकलेला माणूस तेलुगू किंवा बंगालीतही त्याच जागी तीच अक्षरं काढतो. भारतीय लिपींच्या स्वभावाला धरून केलेलं इतकं नेटकं काम आपल्या सरकारी तंत्रज्ञानात क्वचित दिसतं. पण इथे वेलांटी अक्षरानंतर येते. रफारासाठी आधी र, मग हलन्त, मग पुढचं अक्षर. म्हणजे फक्त कळांच्या जागा बदलल्या नाहीत, विचार करायचा क्रम उलटला. वीस वर्षं डोळ्याने जुळवणाऱ्याला सांगितलं, आता उच्चाराने लिही. कुणी सांगितलं? ज्यांनी आयुष्यात कधी मराठी अर्ज स्वतः टाइप केला नाही त्यांनी.

यात एक मूलभूत गफलत आहे, आणि ती इतकी सोपी आहे की ती कळत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. मजकूर साठवायचा कसा, आणि तो बोटांनी आत घालायचा कसा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवण युनिकोडमध्येच हवी. यावर वाद नाही. शिवाजी, श्रीलिपी, आकृती या जुन्या फॉन्टांनी साठवण आणि कळ यांचं लग्न लावून ठेवलं होतं. तिथे फाइलीत 'क' नसायचाच, असायचा त्या आकृतीचा कुठला तरी इंग्रजी क्रमांक. फॉन्ट काढला की सातबाऱ्याच्या जागी कचरा. निजामाच्या राज्यातल्या आमच्या जिल्ह्यातले जुने दस्त उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. तशीच गत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टबंद फाइलींची व्हायला लागलीय, आणि त्यांच्यासाठी तर कुठला मोडीचा जाणकारही मिळणार नाही. म्हणून सरकारने केलेली युनिकोडची सक्ती योग्यच होती. पण त्या सक्तीच्या पोटात बोटांची सक्ती कशाला घुसवली?

आत काय साठवलं जातंय हे पक्कं असेल, तर वरून कळ कुठली दाबली याच्याशी सरकारला काय देणंघेणं? रेमिंग्टनच्या क्रमाने आधी वेलांटी, मग अक्षर टाइप केलं तरी मधला छोटा प्रोग्राम ती उलटून युनिकोडच्या क्रमाने साठवू शकतो. हे अवघड असतं तर गोष्ट वेगळी. पुण्यातल्याच सी-डॅकने आयएसएममध्ये इनस्क्रिप्टच्या शेजारी टाइपरायटरची मांडणीही दिली होती. विंडोज १० मध्ये २०१९ साली मराठीचा फोनेटिक कळफलक आला. मायक्रोसॉफ्टचं स्वतःची मांडणी बनवायचं साधन कित्येक वर्षं फुकट मिळतंय. ईमॅक्स या प्रोग्रामरांच्या एडिटरमध्ये देवनागरी इनस्क्रिप्टही आहे आणि रोमन अक्षरांतून लिहायची पद्धतही आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी चालू, पुन्हा दाबली की बंद, आणि बाकी एकही शॉर्टकट हलत नाही. अमेरिकेतल्या प्रोग्रामरांनी मुळात स्वतःसाठी लिहिलेला एडिटर देवनागरी लिहिणाऱ्याला निवड देतो. आणि आपल्याच कचेरीतला संगणक देत नाही.

त्याहून वाईट म्हणजे संकेतस्थळांचा चोंबडेपणा. एका सरकारी अर्जाच्या पानावर मराठी चौकटीत गेलं की पान स्वतःच कळा हिसकावून घेतं. इंग्रजीत लिहा, स्पेस दाबा, आम्ही मराठी करून देतो. ज्याच्या मशीनवर आधीच मराठी कळफलक चालू आहे त्याची अक्षरं दुहेरी पडतात, मात्रा कुठल्या कुठे उडतात. कुणीही मागितलेली नसताना केलेली ही मदत. आणि ती मदत तरी नीट? 'शेतकऱ्यांना' हा शब्द लिहून बघा. या जिल्ह्यात सरकार दिवसातून दहा वेळा हाच शब्द लिहितं. त्यातला तो अर्धा ऱ, डोळ्यावरच्या पापणीसारखा, मराठीचा खास. इनस्क्रिप्टवर र च्या कळेवर शिफ्ट दाबून वेगळा ऱ काढावा लागतो, मग हलन्त, मग य. साधा र घेतला की रफार होतो आणि 'शेतकर्यांना' छापून येतं. फलकांवर बघा, जाहिरातींत बघा, सरकारी पत्रकांत बघा. टाइपरायटरवाल्या जुन्या माणसाच्या हातून ही चूक होत नव्हती, कारण त्याला समोर दिसत होतं काय उमटतंय. त्याच्या हातातून यंत्र काढून घेतलं, नवी मांडणी दोन दिवसांच्या प्रशिक्षणात गळी उतरवली, आणि आता लोक म्हणतात, लिपिकांना शुद्धलेखन येत नाही.

आणि तरुण? त्यांनी यातलं काहीच शिकायचं नाही असं ठरवलंय. फोनवर बोलतात, फोन लिहितो. टायपिंगच्या परीक्षेपुरती बोटं चालवायची, प्रमाणपत्र घ्यायचं, ऑर्डर मिळाली की साहेबांचं पत्र व्हॉट्सॲपवर बोलून लिहायचं आणि तिथून चिकटवायचं. मी त्यांना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेने एका पिढीची कमावलेली बोटं निकामी ठरवली, त्या व्यवस्थेसाठी पुढच्या पिढीने बोटं का कमवावीत?

मला विचाराल तर मागणी अगदी क्षुल्लक आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत एक ओळ टाका: मजकूर युनिकोडमध्ये साठवला जाईल, आणि वापरणाऱ्याच्या कळफलकात संकेतस्थळ ढवळाढवळ करणार नाही. टंकलेखनाच्या प्रत्येक परीक्षेत आणि भरतीच्या चाचणीत मांडणी उमेदवाराने निवडावी. तपासणाऱ्याने कागदावर काय उमटलं ते आणि वेग तेवढा तपासावा. नव्या मशीनवर जाणाऱ्या जुन्या लिपिकाला त्याची जुनी मांडणी पहिल्या दिवशी बसवून द्यावी, आणि इनस्क्रिप्ट आवडला तर त्याने तो आपल्या सवडीने घ्यावा. बरेच जण घेतील, कारण तो चांगला आहे. आणि कंपन्यांतल्या लीडसाहेबांनी नव्या पोराच्या मशीनवर पहिल्या दिवशी विचारावं, आधी कुठला एडिटर वापरायचास, त्याची कीमॅप टाकू का? एवढ्या वाक्याने त्याचा महिना वाचतो.

हे सगळं अव्यवहार्य आहे असं कुणा वरिष्ठांना वाटत असेल, तर पुढच्या वेळी परभणीत प्रशिक्षणाला येताना त्यांनी प्रोजेक्टर लावून, आमच्यासमोर, इनस्क्रिप्टवर 'परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यांना पीक विम्याची रक्कम तातडीने मिळण्याबाबत' एवढा एकच विषय टाइप करून दाखवावा. कळफलकाकडे न बघता. घड्याळ आम्ही लावतो, चहाही आमच्याकडून.